यंग मार्बल जायंट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंग मार्बल जायंट्स हा बँड नेमका कोणाचा आणि कधीचा?

वेल्सची राजधानी कार्डिफ येथे १९७८ साली हा बँड सुरू झाला आणि १९८० च्या अखेरीस अमेरिकेच्या दौऱ्यानंतर तो संपला. गिटार आणि ऑर्गन वाजवणारा स्टुअर्ट मॉक्सहॅम, त्याचा धाकटा भाऊ व बास गिटारवादक फिलिप मॉक्सहॅम, आणि गायिका ॲलिसन स्टॅटन हे तिघे त्याचे कायमचे सदस्य होते. मॉक्सहॅम बंधूंचा नातेवाईक पीटर जॉइस सुरुवातीच्या काळात चौथा साथीदार होता, आणि त्याचे काम पुढे येणाऱ्या प्रश्नांमध्ये महत्त्वाचे ठरणार आहे. ‘कलॉसल यूथ’ हा एकच अल्बम, ‘फायनल डे’ ही छोटी तबकडी आणि बँड फुटल्यानंतर बाजारात आलेली ‘टेस्टकार्ड’ ही वाद्यसंगीताची तबकडी, एवढाच त्यांचा त्या काळातील मुख्य ऐवज आहे. सलग ऐकायला बसले तर एका संध्याकाळलाही तो पुरत नाही. असे असूनही चार दशकांनंतर या तिघांविषयी आदराने लिहिले जाते, त्यांची गाणी इतर देशांतील कलाकार गातात आणि दर काही वर्षांनी त्यांचा अल्बम नव्या आवृत्तीत निघतो.

हे नाव कुठून आले?

प्राचीन ग्रीक शिल्पकलेवरील एका पुस्तकातून. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास तरुणांचे उभे, नग्न, संगमरवरी पुतळे घडवले जात, त्यांना ‘कूरोस’ म्हणतात. हात अंगालगत, डावा पाय किंचित पुढे, चेहऱ्यावर जेमतेम जाणवेल असे स्मित, अशी त्यांची ठेवण असते. सूनियनच्या भूशिरावर समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या अशा पुतळ्यांच्या वर्णनातून बँडचे नाव आले, आणि अल्बमचे नावही त्याच वर्णनातले आहे. या निवडीकडे केवळ शोभेची गोष्ट म्हणून पाहू नये, असे मला वाटते. स्थिर उभी आकृती, अनावश्यक हालचाल नाही, भावना आहे पण ती दाखवून दिलेली नाही, हे वर्णन त्या पुतळ्यांना जितके लागू पडते तितकेच ॲलिसनच्या गाण्यालाही लागू पडते.

त्या काळचे कार्डिफ कसे होते?

कोळसा आणि पोलाद यांच्या जोरावर वाढलेले हे बंदराचे शहर सत्तरच्या दशकाच्या शेवटी ओसरत चालले होते. १९७८ मध्येच तेथील ईस्ट मूर्स हा मोठा पोलाद कारखाना बंद झाला आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला. पुढच्या वर्षी, १ मार्च १९७९ रोजी, वेल्सला स्वतःची विधानसभा असावी का यावर सार्वमत घेण्यात आले आणि सुमारे ऐंशी टक्के मतदारांनी ‘नको’ असा कौल दिला. संगीताच्या दृष्टीने पाहिले, तर रेकॉर्ड कंपन्या, मोठी साप्ताहिके आणि रेडिओची केंद्रे लंडनमध्ये होती. कार्डिफच्या एखाद्या होतकरू गटाला विचारण्यासाठी तिथून कोणी येईल अशी शक्यता फारशी नव्हती.

अशा वेळी पंक या बंडखोर रॉक संगीताच्या चळवळीने देशभर एक गोष्ट पसरवली होती, ती म्हणजे परवानगीची वाट न पाहता आपली तबकडी आपणच काढावी. कार्डिफमधील काही तरुण गटांनी एकत्र येऊन ‘झेड ब्लॉक’ या नावाने असाच उद्योग केला आणि १९७९ मध्ये ‘इज द वॉर ओव्हर?’ हा स्थानिक बँडांचा संग्रह काढला. त्यात यंग मार्बल जायंट्सची ‘ओड टू बुकर टी’ आणि ‘सर्चिंग फॉर मिस्टर राइट’ अशी दोन गाणी होती. या बँडच्या कारकिर्दीचा पुढचा सगळा भाग या दोन गाण्यांवर उभा आहे.

या बँडमध्ये ड्रमवादक का नव्हता?

याचे उत्तर काहीसे गरजेत आणि बरेचसे हट्टात आहे. पीटर जॉइस टेलिफोन खात्यात अभियंता होता, आणि त्याने विद्युत उपकरणांविषयीच्या नियतकालिकांतील आराखडे पाहून स्वतःची वाद्ययंत्रे जुळवली होती. त्याच्या घरगुती ताल यंत्रातून निघणारे ठोके अगदी कोरडे आणि बारीक होते; खऱ्या ड्रमची गाज त्यांत नव्हती. हे ठोके कॅसेटवर भरून घेतले जात आणि कार्यक्रमाच्या वेळी रंगमंचावर कॅसेट लावून तिघे तिच्याबरोबर वाजवत.

त्या काळी पंक म्हणजे कानठळ्या बसवणारा ड्रम आणि त्यावर आरडाओरडा, असे समीकरण झाले होते. नवे काही करायचे असेल तर या आवाजाच्या विरुद्ध दिशेला गेले पाहिजे, हे स्टुअर्टने ओळखले. माणूस ड्रम वाजवतो तेव्हा गाणे रंगात आले की त्याचा हात आपोआप जड होतो आणि बाकीचे वादकही त्याच्यामागे आवाज चढवतात. यंत्राला असे काही होत नाही. कडव्याच्या शेवटी उसळी मारायची सोय नसल्याने गाण्यातील चढउतार सुरांतून आणि जागांतूनच साधावा लागतो. कॅसेटवरचा ताल एकदा सुरू झाला की तो थांबवताही येत नसे आणि लांबवताही येत नसे, त्यामुळे वादकांना नेमकेपणाखेरीज दुसरा मार्ग नव्हता. या बँडच्या शैलीत जी शिस्त जाणवते, तिचे मूळ मला या साध्याशा यांत्रिक अडचणीत दिसते.

गाणी स्टुअर्ट लिहीत असे, तर तो स्वतः का गात नसे?

बँडच्या इतिहासातील हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरात बँडचे यश आणि शेवट या दोन्ही गोष्टी सामावलेल्या आहेत. त्यापूर्वी हे सगळे ‘ट्रू व्हील’ नावाच्या, इतरांची गाणी वाजवणाऱ्या गटात होते आणि ॲलिसन तिथे गात असे. तो गट मोडल्यावर स्टुअर्टने आपल्या गाण्यांचा नवा बँड उभारायचे ठरवले, आणि ती गाणी आपणच गावीत अशी त्याची इच्छा होती. फिलिप आणि ॲलिसन त्या वेळी एकमेकांचे जोडीदार होते. ॲलिसन असेल तरच आपण येऊ, अशी फिलिपची अट होती. स्टुअर्टने ती मान्य केली, पण मनापासून नव्हे, आणि पुढे अनेक मुलाखतींत त्याने हे मोकळेपणाने सांगितले आहे.

परिणाम असा झाला की एका पुरुषाने स्वतःच्या मनातील खंत, असूया आणि प्रेमभंग यांवर लिहिलेले शब्द एका तरुणीच्या शांत आवाजातून येऊ लागले. ॲलिसनने गायनाचे शिक्षण घेतलेले नव्हते. ती स्वर कापवत नाही, ओढत नाही, शब्दावर जोर देऊन त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या गळी उतरवत नाही. स्वयंपाकघरात काम करताना कोणी स्वतःशी गुणगुणावे इतक्या सहजपणे ती गाते, आणि म्हणूनच त्या शब्दांतील दुखरेपणा थेट न येता मागाहून जाणवतो. लिहिणाऱ्याने स्वतः गायले असते, तर बहुधा ती गाणी तक्रारीची गाणी झाली असती. हे माझे मत आहे, पण अल्बम ऐकणाऱ्या पुष्कळांना ते पटेल.

कार्डिफच्या या बँडला लंडनच्या कंपनीने कसे शोधले?

‘इज द वॉर ओव्हर?’ हा संग्रह लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या कंपनीपर्यंत पोहोचला. जेफ ट्रॅव्हिसने १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये रेकॉर्डचे दुकान म्हणून रफ ट्रेड सुरू केले आणि १९७८ पासून तबकड्या काढायला प्रारंभ केला. या कंपनीची रीत वेगळी होती. खर्च वजा जाता उरलेला नफा कंपनी आणि बँड यांच्यात निम्मा निम्मा वाटला जाई, आणि बँडला अनेक वर्षांच्या करारात अडकवून ठेवले जात नसे. मोठ्या कंपन्या त्या काळी कलाकाराच्या हाती विक्रीचा अगदी लहान हिस्सा ठेवत, हे लक्षात घेतले म्हणजे या वाटणीचे महत्त्व कळते.

संग्रहातील दोन गाणी ऐकून रफ ट्रेडने बँडशी संपर्क साधला. नवख्या गटाकडून आधी एखादे सुटे गाणे काढून पाहायचे, ते चालले तर पुढचा विचार करायचा, हा रिवाज बाजूला ठेवून कंपनीने एकदम पूर्ण अल्बम करायला सांगितले.

‘कलॉसल यूथ’ अल्बमचे ध्वनिमुद्रण कसे झाले?

मध्य वेल्सच्या डोंगराळ भागात, एका जुन्या शेतघराच्या परिसरात असलेल्या व्होएल स्टुडिओत ते झाले. हा स्टुडिओ डेव्ह अँडरसनचा होता. तो स्वतः बासवादक होता आणि हॉकविंड तसेच जर्मनीतील आमोन ड्यूल टू या बँडांत त्याने काम केले होते. गाणी आधीच पक्की बसलेली असल्याने सगळे काम अवघ्या पाच दिवसांत उरकले. बहुतेक गाणी पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नातच मुद्रित झाली आणि त्यांवर नंतर फारसे संस्कार करण्यात आले नाहीत. निर्माता म्हणून बाहेरचा कोणी मोठा माणूस आणला गेला नाही, ही माझ्या दृष्टीने भाग्याची गोष्ट आहे. आणला असता, तर त्याने पहिल्याच दिवशी ड्रमवादक बोलावला असता.

फेब्रुवारी १९८० मध्ये अल्बम बाजारात आला. त्यात पंधरा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत संपतात. मुखपृष्ठावर तिघांचे चेहरे काळ्या पार्श्वभूमीवर, अर्धे उजेडात आणि अर्धे अंधारात दिसतात. त्याच वर्षी जानेवारीपासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांची वेगळी विक्रीयादी प्रसिद्ध होऊ लागली होती, आणि त्या यादीत या अल्बमने वरचे स्थान मिळवले. समीक्षकांनी त्याची मनःपूर्वक दखल घेतली. प्रचंड गाजावाजा झाला नाही, पण रफ ट्रेडसारख्या छोट्या कंपनीसाठी ही विक्री चांगलीच होती.

हे संगीत पहिल्यांदा ऐकताना ते अपुरे किंवा अर्धवट वाटते. त्यात नेमके काय ऐकावे?

हा प्रश्न फार रास्त आहे, आणि याच बँडविषयी तो विचारला जावा हेही स्वाभाविक आहे. रॉक संगीताची सवय असलेला कान ड्रमचा भरणा, गिटारचा पसारा आणि गायकाचा आवेश शोधतो. इथे त्यांतले काहीच सापडत नाही. म्हणून पहिल्या ऐकण्यात लक्ष गाण्यावरून काढून वाद्यांवर, तेही एका वेळी एकाच वाद्यावर द्यावे.

सुरुवात बासपासून करावी. सर्वसाधारण रॉक बँडमध्ये बास हे पाया भरणारे वाद्य असते आणि धून गिटारकडे असते. फिलिप मॉक्सहॅम बासच्या वरच्या पट्टीत वाजवतो, आणि पुष्कळदा गाण्याची मुख्य धूनच त्याच्याकडे असते. ‘सर्चिंग फॉर मिस्टर राइट’ या पहिल्याच गाण्यात बास जी चाल धरतो, ती गाणे संपल्यावर तोंडात राहते. ॲलिसनचा आवाज त्या चालीच्या शेजारून जातो, तिच्यावर चढत नाही.

त्यानंतर गिटार ऐकावी. स्टुअर्ट उजव्या हाताच्या तळव्याची कड पुलाजवळ, म्हणजे तारांना आधार देणाऱ्या पट्टीजवळ, तारांवर टेकवून वाजवत असे, त्यामुळे तार छेडल्यावर सूर लांबत नाही, तो तिथल्या तिथे मिटतो. असे आखूड, दबलेले स्वर एकामागून एक आले की गिटार हेच तालवाद्य बनते, आणि ड्रम नसल्याची उणीव भरून निघते. अमेरिकेतील मेम्फिसच्या सोल संगीतातील स्टीव्ह क्रॉपर आणि रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतील ड्युएन एडी हे त्याचे आवडते गिटारवादक होते. दोघेही कमी स्वरांत काम भागवणारे होते. ‘ओड टू बुकर टी’ या शीर्षकातही क्रॉपर ज्या मंडळींबरोबर वाजवत असे त्यांच्याविषयीची कृतज्ञता आहे.

शेवटी, कोणीच काही वाजवत नाही अशा जागा ऐकाव्यात. या अल्बममध्ये त्या जागोजागी आहेत. ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ मध्ये गिटारचा तुकडा येतो, थांबतो आणि पुन्हा येतो. मधल्या क्षणी केवळ यंत्राची टिकटिक असते, आणि त्या रिकाम्या जागेमुळे पुढच्या आघाताला धार येते. ‘विंड इन द रिगिंग’ या अखेरच्या वाद्यरचनेत तर शब्दही गळून पडतात. या सगळ्यात कुठेही निष्काळजीपणा नाही. काय ठेवायचे यापेक्षा काय काढायचे याचा विचार जास्त झाला आहे, आणि तो तिघांनी मिळून तालमीत केला आहे.

‘फायनल डे’ या गाण्याला इतके महत्त्व का दिले जाते?

१९८० च्या मध्यावर हे गाणे छोट्या तबकडीवर आले. विषय आहे अणुयुद्धाचा, जगाच्या शेवटच्या दिवसाचा, आणि लांबी पावणेदोन मिनिटांच्या आसपास. त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्याच महिन्यात पश्चिम युरोपात अमेरिकी अण्वस्त्रे आणण्याचा निर्णय नाटोने घेतला, आणि मे १९८० मध्ये ब्रिटिश सरकारने ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका विक्रीस आणली. अणुहल्ला झाल्यास घरातील दारे काढून भिंतीला तिरकी टेकवून त्यांखाली कसा आसरा घ्यावा, पाणी व अन्न किती दिवसांचे साठवावे, मृतदेहाचे काय करावे, अशा सूचना त्या पुस्तिकेत अगदी शांत, कार्यालयीन भाषेत दिलेल्या होत्या.

‘फायनल डे’ त्याच शांत स्वरात गायले जाते. संपूर्ण गाण्याच्या पाठीमागे एक उंच, बारीक स्वर न थांबता चालू असतो. आपल्याकडे मैफलीत तानपुऱ्याचा अखंड सूर गायकाला आधार देतो आणि ऐकणाऱ्याचे मन स्थिर करतो. इथला अखंड सूर याच्या उलट काम करतो, तो कानाच्या कोपऱ्यात राहून अस्वस्थता वाढवत नेतो. श्रीमंत माणसे सर्वांत शेवटी मरतील, असे गीतात म्हटले आहे, आणि हे सांगताना ॲलिसनच्या आवाजात चीड नाही की हुंदका नाही. युद्धविरोधी गाणी त्या दशकात पुष्कळ झाली आणि त्यांपैकी अनेक आज घोषणांसारखी वाटतात. हे गाणे मला आजही तितकेच भयावह वाटते, कारण त्याने आवाज चढवलेलाच नाही. बीबीसीचे जॉन पील यांनी आपल्या रात्रीच्या कार्यक्रमात या बँडला जागा दिली, आणि १९८० मध्येच बँडने त्यांच्यासाठी एक सत्रही ध्वनिमुद्रित केले.

ते इंग्रजीत गात, मग त्यांना वेल्श बँड म्हणावे का?

जरूर म्हणावे. कार्डिफ हे प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे शहर आहे, आणि या तिघांची गाणीही इंग्रजीतच आहेत. वेल्श भाषेतील लोकप्रिय संगीताचा प्रवाह त्या काळी वेगळा आणि समर्थ होता. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘साइन’ या कंपनीने त्याला आधार दिला होता, आणि भाषेच्या हक्कांच्या चळवळीशी त्याचे घनिष्ठ नाते होते. यंग मार्बल जायंट्सचा त्या प्रवाहाशी संबंध आला नाही, आणि वेल्श अस्मितेचा झेंडाही त्यांनी मिरवला नाही. परंतु त्यांचा अल्बम वेल्समध्ये रचला गेला, वेल्समध्येच मुद्रित झाला, आणि राजधानी असूनही दुर्लक्षित असलेल्या शहराचे एकाकीपण त्यात आहे. नव्वदच्या दशकात मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स, कॅटाटोनिया, सुपर फरी ॲनिमल्स आणि स्टीरिओफोनिक्स यांच्यामुळे वेल्सच्या रॉक संगीताकडे जगाचे लक्ष गेले, तेव्हा या आधीच्या बँडचा उल्लेख फारसा झाला नाही. तो व्हायला हवा होता.

एवढे सगळे जुळून आल्यावर बँड का फुटला?

एका घटनेमुळे तो फुटला नाही. अल्बमनंतर युरोपात आणि १९८० च्या शेवटी अमेरिकेत दौरे झाले. दौऱ्यावर तीन माणसे रात्रंदिवस एकमेकांबरोबर असतात, आणि या तिघांमधील नाती आधीच गुंतागुंतीची होती. दोघे सख्खे भाऊ होते. त्यांपैकी एकाची आणि गायिकेची जोडी होती, आणि ते नातेही या काळात सुरळीत राहिले नाही. बहुतेक गाणी ज्याची, त्याला ती गायला मिळत नव्हती; जिच्या आवाजाने बँड ओळखला जाऊ लागला, तिला बँडमध्ये आपले स्थान पक्के आहे असे वाटत नव्हते. स्टुअर्टने पुढे या बिघाडाचा मोठा वाटा स्वतःकडे घेतला आहे.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती येथे नोंदवावीशी वाटते. मोठ्या बँडमध्ये एखादा ड्रमवादक, एखादा व्यवस्थापक, एखादा जुना साथीदार असा कोणीतरी असतो, ज्याच्यापाशी दोन्ही बाजू मन मोकळे करतात. या बँडने आपल्या संगीतातून जसे सगळे अनावश्यक काढून टाकले होते, तशीच त्यांची मांडणीही उघडी होती. तीन माणसे आणि एक कॅसेट, मध्ये कोणीच नव्हते. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हुर्रा’ या क्लबमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे चित्रण उपलब्ध आहे. त्यात ॲलिसन जवळजवळ निश्चल उभी राहून गाते, दोघे भाऊ आपापल्या वाद्यात गढलेले असतात, आणि वादन कुठेही ढळत नाही. थोड्याच दिवसांत बँड संपणार आहे, याचा मागमूसही त्यात लागत नाही.

‘टेस्टकार्ड’ मध्ये ॲलिसनचा आवाज का नाही?

कारण ती तबकडी पूर्णपणे वाद्यसंगीताची आहे. १९८१ मध्ये ती आली तेव्हा बँड विसर्जित झालेला होता. त्या काळी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर कार्यक्रम नसलेल्या वेळेत एक स्थिर तांत्रिक चित्र दाखवले जाई आणि त्याबरोबर हलकेफुलके, अनामिक संगीत चालू असे. या तबकडीतील सहा रचना त्या संगीताला वाहिलेल्या आहेत. कोणी लक्षपूर्वक ऐकत नाही अशा संगीतातही कारागिरी असते, ही जाण त्यांत आहे. ऑर्गनची आवड असलेल्यांनी ती चुकवू नये. इतरांनी आधी अल्बम ऐकावा.

पुढे तिघांनी काय केले?

स्टुअर्टने ‘द जिस्ट’ या नावाने काम सुरू केले आणि १९८२ मध्ये ‘एम्ब्रेस द हर्ड’ हा अल्बम काढला. त्यातील ‘लव्ह ॲट फर्स्ट साइट’ या गाण्याचे फ्रेंच गायक एतियेन दाओ याने फ्रेंचमध्ये रूपांतर केले आणि ते फ्रान्समध्ये लोकप्रिय झाले. गायिका ट्रेसी थॉर्न ज्या बँडमध्ये होती त्या मरीन गर्ल्सचा ‘लेझी वेज’ हा अल्बम (१९८३) त्याच्या देखरेखीखाली तयार झाला. ऐंशीच्या दशकात काही काळ त्याने ॲनिमेशनपटांसाठी चित्रे रंगवण्याचे कामही केले. पुढे अमेरिकेतील बीट हॅपनिंग या बँडच्या १९९२ च्या अल्बमच्या निर्मितीतही त्याचा सहभाग होता. फिलिपने एव्हरीथिंग बट द गर्ल आणि इतर गटांसाठी बास वाजवला.

ॲलिसनने कार्डिफच्याच ‘रेप्टाइल रँच’ गटातील स्पाइक आणि गिटारवादक सायमन बूथ यांच्याबरोबर ‘वीकेंड’ हा बँड काढला. १९८२ मधील त्यांच्या ‘ला व्हारिएते’ या अल्बममध्ये जॅझ, ब्राझीलचा बोसा नोव्हा आणि आफ्रिकी गिटार यांचा मोकळेपणाने वापर झालेला आहे. आधीच्या बँडच्या काटकसरीनंतर हा अल्बम उन्हात आल्यासारखा वाटतो. त्यानंतर इयन डिव्हाइनबरोबर तिने दोन अल्बम केले, त्यांतील दुसऱ्याचे नाव ‘कार्डिफियन्स’ आहे. मग तिने कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठीच्या कण्याशी संबंधित उपचारांचे, शिक्षण घेऊन तो व्यवसाय केला. स्पाइकबरोबरचे तिचे गाणे मात्र अधूनमधून चालूच राहिले. २०१८ मध्ये त्या दोघांचा ‘बिमिनी ट्विस्ट’ हा अल्बम आला.

कर्ट कोबेनचा या बँडशी काय संबंध?

प्रत्यक्ष संबंध काहीच नाही. तो त्यांचा चाहता होता. ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडच्या या गायकाने आपल्या आवडत्या अल्बमांमध्ये ‘कलॉसल यूथ’ चा समावेश केला होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या टिपणवह्यांतील यादीतही तो आहे. त्याची पत्नी कोर्टनी लव्ह हिच्या ‘होल’ या बँडने एप्रिल १९९४ मधील ‘लिव्ह थ्रू धिस’ या अल्बमसाठी ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ हे गाणे नव्याने गायले. कोबेनचा मृत्यू आणि त्या अल्बमचे प्रकाशन एकाच आठवड्याच्या आगेमागे झाले.

दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकण्यासारख्या आहेत. होलने ड्रम, विकृत केलेली गिटार आणि गर्जना यांनी मूळ गाण्यातील प्रत्येक रिकामी जागा भरून काढली आहे, आणि तरीही गाणे टिकून राहते. एखादी रचना इतक्या टोकाच्या दोन रूपांत उभी राहू शकते, तेव्हा मूळ गीतकाराचे काम किती पक्के होते ते कळते. मुख्यत्वे कोबेनमुळे नव्या पिढीतील पुष्कळ श्रोते या बँडकडे वळले, यात शंका नाही.

बँड पुन्हा एकत्र आला का?

होय, कार्यक्रमांपुरता. मे २००७ मध्ये वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील महोत्सवात ते एकत्र वाजले, आणि त्यानंतर काही वर्षे युरोपात अधूनमधून त्यांचे कार्यक्रम झाले. या वेळी मॉक्सहॅम कुटुंबातील तिसरा भाऊ अँड्रू हाही त्यांच्याबरोबर होता. २०१५ मध्ये टॉकिंग हेड्स या बँडचे गायक डेव्हिड बर्न यांनी लंडनच्या मेल्टडाउन महोत्सवाचे संयोजन केले, तेव्हा त्यांनीही या बँडला निमंत्रित केले होते. नव्या गाण्यांचा दुसरा अल्बम मात्र झाला नाही, आणि त्याची खंत बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

आज ऐकायला सुरुवात कुठून करावी आणि कोणती आवृत्ती घ्यावी?

२००७ मध्ये डोमिनो या कंपनीने काढलेल्या आवृत्तीत अल्बमबरोबर छोट्या तबकड्या, सुरुवातीची कच्ची ध्वनिमुद्रणे आणि जॉन पील यांच्यासाठी केलेले सत्र असे सर्व काही एकत्र मिळते. त्याच कंपनीने २०२० मध्ये अल्बमच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त आणखी एक आवृत्ती काढली, तिच्यासोबत वर उल्लेखिलेले न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाचे चित्रण आहे. ऑनलाइन सेवांवरही अल्बम सहज सापडतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ‘सर्चिंग फॉर मिस्टर राइट’, ‘सॅलड डेज’ आणि ‘फायनल डे’ या तीन गाण्यांपासून सुरुवात करावी, आणि ती जमली की अल्बम क्रमाने ऐकावा. गाडीत किंवा गर्दीत हे संगीत ऐकू नये. बासच्या धुनी बाहेरच्या आवाजात बुडून जातात आणि मग खरोखरच काही घडत नसल्यासारखे वाटते. रात्री, साध्या हेडफोनवर, आवाज मध्यम ठेवून ऐकले तर गिटारच्या तारेवरून हात उचलल्याचा बारीक आवाजही ऐकू येतो.